सर्वानुमते मंजूर झालेला कवी

कवी मेला की तो निरुपद्रवी होतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. मेलेल्या कवीलाही आधी समितीसमोर यावे लागते.

जर्मनीतल्या, तीन देशांच्या सीमेवरच्या आखन शहरातील त्रिसीमा मराठी मंडळाची घटना सव्वीस पानी असून तिचे कलम चार फार सुंदर आहे : ‘मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात राजकारण येणार नाही.’ (अध्यक्ष निवडतानाही हे कलम पाळले जाते, त्यामुळे नऊ वर्षे नागेशरावच अध्यक्ष आहेत.) गेल्या वर्षी चौदा कार्यक्रम झाले. त्यांतले अकरा खाण्याचे होते आणि उरलेल्या तिन्हींच्या शेवटी खाणे होते. कुठेही गालबोट लागले नाही.

शरदचंद्र हे मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेणारे इंजिनियर. दिवसभर गोष्टी वेळेत थांबतात की नाही ते पाहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पेटी काढायची. लहानपणी मिरजेच्या देवळात ऐकलेली कीर्तने त्यांच्या अंगात अजून मुरलेली होती. पूर्वरंगात एखादा अभंग उलगडावा, मध्ये नामाचा गजर व्हावा, बुवांच्या गळ्यात हार पडावा, कपाळी बुक्का लागावा आणि उत्तररंगात एका थोर आयुष्याची कथा उभी राहावी. यापरते सुख त्यांना ठाऊक नव्हते. सात वर्षे ते मंडळाकडे एक कीर्तन मागत होते. सात वर्षे नागेशराव जर्मन थाटात, “गेनाऊ, गेनाऊ! अगदी बरोबर! नक्की करू,” म्हणत होते.

यंदा योग आला. वस्तीच्या सभागृहात ‘शेजारी सप्ताह’ होता आणि शेजारच्या देशाविषयी काही सादर करणाऱ्यांनाच सभागृह मिळणार होते. शरदचंद्रांनी आख्यानाला फ्रेंच राजकीय कवी एतिएन मोर्वाल घेतला. गेल्या शतकात हा मनुष्य एका कवितेपायी सहा वर्षे तुरुंगात होता. सुटल्यावर कोबीच्या ट्रकमध्ये दडून सीमा ओलांडून आखनला आला आणि इथेच वारला. त्याच्या घरावरची पाटी शरदचंद्र ऑफिसला जाताना सायकलवरून रोज वाचत. दोन वर्षांचे शनिवार ग्रंथालयात घालून त्यांनी ती कविता आधीच मराठीत आणली होती, आता ती भीमपलासात बसवली.

“नारदाच्या गादीवर उभं राहून हीच कविता गिळली, तर ते पाप होईल,” ते बायकोला म्हणाले.

“अहो, मग समितीला आधी दाखवूच नका ना!” नंदिनी म्हणाली.

पण शरदचंद्र अकरा वर्षे जर्मनीत होते. आधी परवानगी न घेता काही करणे त्यांच्या प्रकृतीलाच झेपत नव्हते. त्यांनी संहिता तीन प्रतींत सादर केली.

समितीच्या चार बैठका झाल्या. पहिलीत ‘राजकीय कवी’मधला ‘राजकीय’ गेला. दुसरीत, ‘तुरुंग’ शब्दाने मुले घाबरतात म्हणून, मोर्वालने ‘सहा वर्षे एकांतात लेखन’ केले. तिसरीत ट्रकचा प्रश्न निघाला. निम्म्या सभासदांचे व्हिसाचे अर्ज अजून अडकलेले असल्यामुळे कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडणे बरे दिसेना. सबब मोर्वालला रीतसर व्हिसा देण्यात आला. (मंजुरीला सतरा मिनिटे लागली. हा विक्रम असावा.) चौथ्या बैठकीत काव्य तपासले. एकूण कविता बेचाळीस. छत्तीस सरकारविषयी. पाच आईविषयी, पण आईही सरकारविषयीच बोलत असल्याने त्याही गेल्या. उरली एक, नाशपातीवरची.

“नाशपाती चालेल,” नागेशराव म्हणाले. “नाशपातीला कुणाचा विरोध नसतो.”

“रंग कुठला म्हटलाय तिचा?” उपाध्यक्ष शशिकांत यांनी सावधपणे विचारले.

“आणि ती कविता? तुरुंगाची?” शरदचंद्र म्हणाले.

“अहो, इतका गोड गळा आहे तुमचा,” सचिव सुमेधाताई कळवळून म्हणाल्या, “तुम्हाला शब्द कशाला हवेत?”

शरदचंद्रांनी सही केली.

कीर्तनाला एकशेवीस माणसे आली. पूर्वरंग सुरेख झाला. गजर झाला, रिवाजाप्रमाणे खुद्द नागेशरावांनी बुवांना हार घातला, बुक्का लावला आणि वाकून नमस्कार केला. मग शरदचंद्रांनी नाशपाती सुरू केली. दुसऱ्याच ओळीला त्यांच्या हातातली चिपळी थांबली. आपण ज्या गादीवर उभे आहोत तिच्या पायाशी आत्ताच एक अध्यक्ष वाकून गेला, मग आपण कुणाला भितो आहोत, हे त्यांना आठवेना. त्यांनी मोर्वालचा व्हिसा काढून घेतला, त्याला तुरुंगात घातले, कोबीच्या ट्रकमध्ये बसवले, आणि डोळे मिटून ती कविता म्हटली. सगळी म्हटली.

खुर्च्या सरकण्याच्या आवाजाची वाट पाहत ते गात राहिले. खुर्च्या सरकल्या नाहीत. डोळे उघडले तेव्हा एकशेवीस माणसे तालावर टाळ्या देत होती. चांगल्या श्रोत्यांप्रमाणे सर्वांनी ध्रुवपद उचलून धरले होते. मागून ‘वन्स मोअर’ आला. नागेशराव डोलत होते.

“बुवा, नाशपाती काय रंगवलीत!” आरतीनंतर ते म्हणाले.

घरी जाताना बसमध्ये त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीने, तनयाने, जर्मनमध्ये विचारले, “पापा, तो कवी त्या लोकांनाच रागावत होता ना? मग ते टाळ्या का वाजवत होते?” शरदचंद्रांना जर्मन उत्तम येते. त्यांनी पुढच्या थांब्याचे नाव मोठ्याने वाचून दाखवले.

मंडळाच्या इतिवृत्तात ‘कलम चारचे काटेकोर पालन झाले’ अशी नोंद आहे. पुढच्या वर्षीही त्यांनीच कीर्तन करावे, अशी आग्रहाची विनंती आली आहे.

मंडळाला हसून झाले असेल, तर वाचकांनी एक बारीकशी गोष्ट पाहावी. त्या कवितेत नेमके काय म्हटले होते, हे वरच्या मजकुरात कुठेही आलेले नाही. तुम्ही मिरज वाचलेत, भीमपलास वाचलात, कोबी वाचलात, आणि काही न विचारता सुखाने इथवर आलात. सभासद नोंदणी चालू आहे. मुलाखतीची गरज नाही.