सोवळ्याला खिसा नसतो

मोबाइल कुठे आणि कसा वापरावा, यावर पेडण्यात शेवटचा शब्द सगुण मास्तरांचा. बसमध्ये कुणी मोठ्याने बोललं की मास्तर वळून म्हणत, "बाबा रे, तुझ्या घरच्यो गजाली आमका कित्याक?"

ह्याच कारणावरून त्यांनी मोरजीचा सिद्धेश जावई म्हणून नापसंत केला होता. पोरगा किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण करायचा. एकदा भर बसमध्ये तो फोनवर ओरडला, "फुटली गो फुटली! शंभर पिल्लां भायर इली!" शेजारी पेंगणारे मास्तर सीटवरून पडता पडता वाचले. पुढे कळलं, फोनच्या पलीकडे त्यांचीच लेक समीक्षा होती.

"असल्या माणसाक चेडू देवचां नाय!" मास्तरांनी जाहीर केलं. समीक्षा दोन दिवस जेवली नाही. शेवटी बायकोने, विनोदिनीने, तोडगा काढला. "देवाक कौल लावया. देव सांगतलो तां खरां."

म्हणून भर दुपारी तिघं देवळात आली. देवाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मास्तरांनी दोघींना बजावलं, "फोन बंद! देवाच्या दारात टणटण नको." स्वतःचा मात्र त्यांनी नुसता थरथरीवर टाकला, पेन्शनर संघाचा चिटणीस पूर्ण बंद कसा होणार? सोवळ्याला खिसा नसतो, म्हणून फोन नारळाच्या तबकात विड्याच्या पानांखाली सारला. तेवढ्यात भिकाजी गुरवाने तबक उचललं आणि थेट देवाला टेकवून ठेवलं. मास्तरांनी तोंड उघडलं, पण गुरवाचं गाऱ्हाणं सुरू झालं होतं. मध्ये बोलणं शिष्टाचारात बसत नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचां लगीन मोरजेच्या झिलावांगडा जावचां आसात, तर उजवी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" तिघांनी साथ दिली.

मग सगळं शांत झालं. धूप हळूहळू वर चढत होता, समईची ज्योत हलत नव्हती. मास्तरांचे डोळे जड झाले. त्यांना दिसलं, गाभाऱ्याच्या फरशीवरून इवलीइवली कासवं समुद्राकडे निघालीत आणि त्यांच्यामागे चार वर्षांची समीक्षा, परकर सावरत. मास्तर हाक मारू गेले, तर आवाजच फुटेना. पोरगी वळूनही बघेना. त्यांना फार एकटं वाटलं.

तासाने जाग आली तरी पाकळ्या जागच्या जागी. मास्तर पुटपुटले, "देवाच्या मनात नाय. उठूया आता." समीक्षाच्या गालावरून पाणी ओघळलं.

आणि गुर्रर्र करून तबक थरथरलं. नारळ नाचला. उजवी पाकळी अलगद खाली आली.

"उजवी दिल्यान!" भिकाजी ओरडला आणि लगेच थबकला. "पण मास्तरानू, ह्यो फोन वाजलो काय? फोनान पाडली आसात तर कौल फुकट. परत लावचो पडतलो. कोणाचो तो?"

"माझा" म्हटलं की लग्न टळत होतं. मास्तरांना हवं होतं तेच. पण मग गावभर अब्रूचं खोबरं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती हात जोडून, डोळे गच्च मिटून, श्वास रोखून उभी होती. हट्ट गेला चुलीत, ही पोर पुन्हा रडलेली त्यांना बघवणार नव्हती.

"कसलो फोन?" मास्तर म्हणाले. "माका नाय आयकाक इलो. देव पावलो!"

समीक्षा "बाबा!" म्हणून त्यांना बिलगली. ती सिद्धेशला कळवायला धावली, तेव्हा मास्तर पायऱ्यांवर मटकन बसले. "नेमको आताच कोण मेलो फोन करूक?"

विनोदिनीने पदराआडून आपला फोन काढला.

"तू? देवाच्या कौलात?"

"पानांखाली फोन सारताना बघलंय तुमका. तुमी उठाक लागलास म्हणान लावलंय," ती शांतपणे म्हणाली. "पण दोन पाकळ्यांतली खयची पडतली, तां काय माझ्या हातात होतां?"