बाजूच्या उजेडाची व्यवस्था

उजेड वरून येतो, असा मानवजातीचा फार जुना समज आहे आणि सूर्याने तो दूर करण्याची आजवर तसदी घेतलेली नाही. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या परीक्षितने मात्र तो गेल्या हिवाळ्यात आपल्या तळघरात कायमचा दूर केला.

परीक्षित हा एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळणारा, मूळचा नागपूरचा, त्रेचाळीस वर्षांचा जबाबदार गृहस्थ. राज्याच्या कायद्याने सज्ञान माणसाला घरात गांजाची सहा रोपे लावता येतात, म्हणून त्याने सहा लावली. पाच लावणे म्हणजे मिळालेला हक्क वाया घालवणे. 'गांजा' हा शब्द मात्र घरात वर्ज्य होता. गांजा देवळामागे बसलेली माणसे ओढतात. कॅनाबिस सुशिक्षित लोक वाढवतात आणि त्याचा तक्ता ठेवतात. परीक्षित स्वतः ओढत नसे. एकदा ओढून पाहिले तेव्हा त्याला ॲसिडिटी झाली होती. त्याला हवे होते ते आकडे.

तळघरात त्याने चार फूट बाय चार फुटांचा, आतून चकचकीत तंबू उभारला आणि वर भारी दिवा टांगला. पण वरच्या दिव्याने शेंडेच माजतात. खालच्या फांद्या सावलीत राहतात आणि त्यांना पॉपकॉर्नएवढे तुरे येतात. यावर जाणकारांचे दोन पंथ आहेत. एक पंथ खालच्या फांद्या सरळ छाटून टाकतो. दुसरा त्यांना बाजूने उजेड देतो. परीक्षित मुळात मऊ मनाचा. ज्या फांद्या आधी आल्या, ज्यांच्या जिवावर झाड उभे राहिले, त्यांनाच अंधारात ठेवायचे, हे त्याला बघवेना.

"खालच्या ब्रँचेसना कोणी विचारतच नाही, यार," तो जेवताना म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता.

(त्याच आठवड्यात त्याचे वडील मनोहरराव, म्हणजे नाना, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले. त्यांना तंबूशेजारची खोली देण्यात आली. त्यांनी दिवंगत पत्नीची पाककृतींची वही आणली होती: चौसष्ट पाने, पेन्सिलीने लिहिलेली, पुसट. नात अनिकाला आजीची सांबारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, शिकायची होती, म्हणून ती वही ठळक अक्षरांत उतरवून काढायची होती. नानांचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याला डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. टेबलावर एक दिवा असला की झाले, असे ते म्हणाले.)

दिवा देण्यात आला. तो अकरा दिवस चालला.

बाराव्या दिवशी बाजूच्या उजेडाच्या चार पट्ट्या आल्या, तंबूच्या चार कोपऱ्यांत उभ्या राहिल्या, आणि तळघराचा ब्रेकर पडला. तातडीने चौकशी समिती नेमण्यात आली. समितीत परीक्षित होता. समितीने सर्व उपकरणांची सखोल पाहणी केली. वरचा दिवा: अत्यावश्यक. बाजूच्या पट्ट्या: अत्यावश्यक. पंखा आणि दमटपणा काढणारे यंत्र: अत्यावश्यक, नाहीतर तुऱ्यांना बुरशी येते. शेजारच्या खोलीतला टेबलावरचा दिवा: अतिरिक्त भार. निष्कर्ष एकमताने मंजूर होऊन दिव्याची पिन काढण्यात आली.

(नाना वीज मंडळात चौतीस वर्षे होते. भारनियमनाची वेळापत्रके त्यांनीच गावोगावी चिकटवली होती आणि कंदील घेऊन आलेल्या लोकांना "अर्ज द्या" म्हणून सांगितले होते. त्यामुळे कार्यपद्धतीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "अरे, नऊ वॉटचा तर दिवा आहे," एवढेच ते म्हणाले.)

"नाना, प्रश्न वॉटचा नाहीये, बॅलन्सचा आहे," परीक्षितने समजावले. "हार्वेस्ट झाला की करतो ना अरेंज. प्रॉमिस."

पर्यायांचा विचार झाला नाही असे कोणी म्हणू नये. वरचे डायनिंग टेबल दिवसभर परीक्षितच्या मीटिंगांना लागे, आणि नानांचे खोकणे क्लायंटला ऐकू जाई. खोलीला खिडकी होती, पण डिसेंबरपासून तिच्यावर बर्फ होते. छताच्या बल्बच्या उजेडात माणूस दिसे, अक्षर दिसत नसे. हिमानीने, म्हणजे परीक्षितच्या बायकोने, हा विषय तीनदा काढला आणि तिन्ही वेळा तो 'ॲक्शन आयटम' म्हणून नोंदवून घेण्यात आला. सोळा वर्षांच्या अनिकाने तर उपायच सुचवला.

"डॅड, जस्ट रन ॲन एक्स्टेन्शन कॉर्ड फ्रॉम अपस्टेअर्स."

"जिन्यावर वायर? आणि नाना अडकून पडले म्हणजे? सेफ्टी फर्स्ट, बेटा."

वडिलांची एवढी काळजी करणारा मुलगा हल्ली बघायला मिळत नाही.

जानेवारीत तंबूत एक अडथळा आढळून आला. सहा रोपांच्या मधोमध स्टूल, स्टुलावर वडील, वडिलांच्या मांडीवर दोन वह्या. परीक्षित ओरडला नाही. त्याने उजेड मोजायचे मीटर आणले, नानांना "जरा हलू नका हं" म्हटले आणि मोजमाप घेतले. नानांच्या सावलीमुळे तिसऱ्या रोपाच्या खालच्या फांद्यांचा उजेड चौदा टक्क्यांनी घटत होता. तक्त्यात 'नाना' असा नवा रकाना उघडण्यात आला. मग मोठ्या मनाने वेळ ठरवून देण्यात आली: मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते तीन चाळीस, तोंड भिंतीकडे, कोपरे अंगालगत.

(त्या गुलाबी-जांभळ्या उजेडात पेन्सिलीची अक्षरे आणि जुने डाग यांतला फरक कळत नाही. नाना पान डोळ्याला लावून वाचत. मिठाची मापे त्यांनी अंदाजाने लिहिली. एप्रिलच्या दोन तारखेला मुक्कामाची मुदत संपली आणि ते परत गेले. वही सत्ताविसाव्या पानापर्यंत झाली होती. सांबारवडी एकतिसाव्यावर आहे.)

एप्रिलच्या नऊ तारखेला पीक निघाले. बाजूच्या उजेडामुळे खालच्या फांद्यांनी अडतीस ग्रॅम जास्त दिले. तुरे वाळवून, लेबले लावून काचेच्या बरण्यांत भरले आणि बरण्या कपाटात ठेवल्या. त्यांचे पुढे काय करायचे हे घरात कोणालाच माहीत नव्हते, पण आकडा निर्विवाद होता.

बरण्यांचा फोटो मात्र अंधारा येऊ लागला. परीक्षितने नानांचा दिवा काढला, टेबलावर ठेवला, पिन खोचली. वरचा दिवा, पट्ट्या, पंखा, यंत्र, सगळे पुढच्या रोपांसाठी चालू होते. ब्रेकर पडला नाही. परीक्षितने समाधानाने फोटो काढला आणि वाढवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खालच्या फांद्यांची इतकी कदर करणारा माणूस पाहिला नाही, असे एकाने लिहिले. त्याला दोनशे बारा लोकांनी अंगठे दिले.

(त्या संध्याकाळी अनिका त्याच टेबलाशी आजीची वही घेऊन बसली. तिला मराठी जेमतेम वाचता येते, तेही ठळक अक्षरांतले. तिने नानांना व्हिडिओ कॉल लावला आणि हवे ते पान कॅमेऱ्यासमोर धरले. "नाना, कॅन यू रीड धिस वन?" नाना म्हणाले, "बाळा, जरा उजेडात धर." तिने दिवा जवळ ओढला, मग आणखी जवळ. "नाऊ?" नानांनी उजवा डोळा स्क्रीनला लावला. "तू धर तशीच," ते म्हणाले. "मी बघतो.")

अहवाल इथे संपतो. कंसातला मजकूर गाळला तरी त्याच्या निष्कर्षांना बाधा येत नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. बाजूच्या उजेडाने किती ग्रॅम जास्त निघाले, हेही आपल्याला नक्की आठवत असेल.

सांबारवडी कितव्या पानावर होती?