ट्रकाचं गाऱ्हाणं

परब सरांच्या वर्गात भौतिकशास्त्राचं गणित सोडवायच्या आधी त्याचं गाऱ्हाणं घालावं लागतं. देवळात घालतात तसंच. एकाने उभं राहून कोण आलंय, काय घेऊन आलंय आणि काय मागतंय ते सांगायचं. बाकीच्यांनी साथ द्यायची.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ माडावरसून सुटलो आसा."

"होय म्हाराजा."

"माड बारा मीटर उंच आसा, वारो नाय."

"होय म्हाराजा."

"तर जमनीर येताना तेचो वेग किती, ता आमका कळूंदे रे म्हाराजा."

पुस्तकात नारळ नसतो, 'एक वस्तू' असते. ते सरांना चालत नाही. "वस्तू म्हणजे कोण? नारळ काय फणस? बिननावाच्या वस्तूक धक्को मारूचो नाय."

मी त्याच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा चळवळीची पत्रकंच जास्त होती. विज्ञानाच्या तासाला देवाला साकडं घालतात हे ऐकून माझं डोकं तापलं आणि भर स्टाफरूममध्ये मी जाब विचारला. सर चहात बटर बिस्किट बुडवत होते.

"तुमच्या पत्रकात काय आसता, मास्तर? कोण मागता, तेच्याकडे काय आसा, तेका काय व्हया. ताच मां? मगे ता गाऱ्हाणांच. फक्त तुमच्या मागे 'होय म्हाराजा' म्हणूक कोण नाय."

स्टाफरूम हसली. मी बरेच दिवस धुमसत होतो. शेवटी पुरावा गोळा करायला म्हणून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. गणित ब्रेक लावलेल्या एका मोटारीचं होतं, ती किती अंतरावर थांबेल याचं. नीलेश नावाच्या मुलाने फळ्याकडे जाऊन थेट सूत्र लिहिलं.

"ह्या खंयसून इला?" सरांनी विचारलं.

"पाठ आसा, सर."

"गाडीन सांगल्यान तुका, माका ह्याच सूत्र लाव म्हणान?"

नीलेशने सूत्र पुसलं आणि गाडी कुठून निघाली इथून सुरुवात केली. हळूहळू सूत्र आपोआप फळ्यावर आलं, आणि मी हरलो. सूत्रांच्या याद्या घोकून घेणारे क्लास मुलांना विचार न करण्याची सवय लावतात. आज जो न विचारता सूत्र लावतो, तो उद्या न विचारता कुठल्याही घोषणेला हात वर करील. हे सगळं मी सरांना तास संपल्यावर तावातावाने सांगितलं.

"भाषण बरा झाला," सर म्हणाले. "पण गाडी अजून थांबाक नाय."

सरांना शिकवायला वर्गच लागतो असं नाही. एकदा कट्टा गावच्या स्टॉपवर आमच्या एसटीने करकचून ब्रेक लावला आणि गाडीत उभी असलेली एक म्हातारी पुढे कोलमडली. सर समजावू लागले, "आये, तुका कोणी ढकलूक नाय हां. गाडी थांबली, तू थांबाक नाय."

"आदी हात दी रे मेल्या, मगे शिकव."

सरांनी हात दिला. मग उरलेला नियम सांगितला.

यंदा मेअखेर सर निवृत्त व्हायचे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळूरला असते. धामापूरला घर आणि काजूची बाग, तिथे सर एकटे. जो तो म्हणायचा, सुटलात, आता आराम करा. मलाही तसंच वाटलं.

"काजी बऱ्या," सर मला म्हणाले. "पण शंका इचारनत नाय."

बोलता बोलता त्यांचं बटर चहात विरघळून गेलं, तरी त्यांनी पाहिलं नाही.

अकरावीच्या शेवटच्या तासाला त्यांनी सुट्टीसाठी एकच गणित घातलं. इन्सुलीच्या उतारावर काजूने भरलेल्या ट्रकाचे ब्रेक गेले, तर तपासणी नाक्यावर पोचताना त्याचा वेग किती? ट्रकाचं वजन दिलं, ब्रेक गेले तेव्हाचा वेग दिला, रस्त्याची लांबी दिली, घर्षणही दिलं. "सुटला नाय तर घराक येवा," सर म्हणाले.

मे महिनाभर पोरं धामापूरला जात राहिली. एका सकाळी मीही गेलो. पडवी भरलेली, कोकम सरबताचे पेले, आणि ट्रकावरून कडाक्याचं भांडण. मी मराठीचा माणूस, पण कागद हातात घेतला तेव्हा मलाही दिसलं. सरांना बागेत गाठून म्हटलं, "सर, उतार किती ते दिलंच नाही. हे गणित सुटणारच नाही."

सरांनी एका बोंडाची बी पिरगळून काढली आणि टोपलीत टाकली.

"ठाव आसा माका," ते म्हणाले. "सुटला तर येतीत कशाक?"

आणि ते पोरांकडे गेले.

मुलांना फसवणं मला मान्य नाही, कोणाच्याही भल्यासाठी नाही. निघताना सायली मला फाटकापर्यंत सोडायला आली. वर्गातली सर्वांत हुशार पोर. मला राहवेना.

"सायली, त्या गणितात एक गोष्ट..."

"उतार नाय," ती म्हणाली. "गाऱ्हाणा घातला तेवाच कळला आमका. पयल्याच दिवशी."

"मग रोज येता कशाला?"

तिने मागे वळून पाहिलं. पडवीत सर नव्याने ट्रक काढत होते, ड्रायव्हरसकट, आणि पोरं कागदावर ओणवी झाली होती.

"सरांका सांगा नको हां," ती दबक्या आवाजात म्हणाली. "उद्याची शंका नीलेश काढतलो, वाऱ्याची. परवाची माजी आसा. ती अजून शोधूची आसा."