सगुणबाबांचं लांब बाकडं

सोमवारी सकाळी भर बाजारात स्टोव्ह पेटवून बांगडे तळणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. वर तो माझ्याच ऑफिसातला.

सगुणबाब आमच्या डिचोलीच्या आर्किटेक्ट ऑफिसात नकाशे काढतात. मूळचे इब्रामपूरचे. पूर्वी खाणीवर होते, ती बंद पडली नि माझ्याकडे आले. बाजारातल्या गाडेवाल्यांना एका छपराखाली आणून गावासाठी जेवणाची जागा बांधायचं काम आम्हाला मिळालं, तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच प्रश्न. "वारो खंयसून येता?" पोस्टमनला विचारला, माझ्या सासूबाईंनाही विचारला. मासळीचा वास शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवणाऱ्यांकडे जाता कामा नये, म्हणून वारा बघायचा. इथवर ठीक. पण त्यासाठी जागेवर जाऊन बांगडे तळायचे, नि तेही सोमवारी? उपास धरलेला अर्धा बाजार अंगावर आला. कोण कुठून ओरडलं, ते सगुणबाबांनी शांतपणे वहीत टिपून घेतलं. हात जोडत फिरले मी. वाऱ्याची दिशा मात्र अचूक निघाली, खोटं कशाला बोलू?

चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, सगळं आमचं जमलं. एकाच गोष्टीवर स्वारी अडून बसली. बाजार समितीला हवी होती चार-चार खुर्च्यांची टेबलं. हे दर वेळी एकच लांब टेबल नि लांब बाकडं काढून आणायचे. तीनदा मी खोडलं, चौथ्यांदा भडकलेच मी. अशानं काम हातचं जाईल, म्हटलं.

सगुणबाबांनी चष्मा काढला.

"बाय, एकटोच मनीस चार कदेलांच्या टेबलार बसलो काय उरिल्लीं तीन कदेलां ताका खावंक येतात. बाकड्यार तशें जायना. बाजूचो निदान म्हणटा, मात्सो सर रे."

खाणीच्या मेसमध्ये तीस वर्षं ते 'जरा सरक रे' म्हणणाऱ्या ट्रकवाल्यांबरोबर अशाच बाकड्यावर जेवले होते. घरी कोणी नाही. मेस बंद पडल्यापासून दोन्ही वेळा एकटेच.

चार वर्षं हा माणूस माझ्या केबिनबाहेर एकटा डबा खातोय, आणि मी काचेतून बघत आत एसीत जेवतेय. मला माझीच लाज वाटली.

समितीसमोर बाकड्यासाठी मी कडाकडा भांडले. निम्म्या जागेत तरी पदरात पाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सांगायला मी माझा डबा घेऊनच केबिनबाहेर गेले. सगुणबाबांनी ऐकून घेतलं. टेबलावरचे नकाशे गुंडाळून खाली ठेवले, नि आपला डबा थोडा बाजूला सरकवला.