दाट धुके, वीस जानेवारीपर्यंत

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर पूर्वी रोज एक सुविचार असायचा. केळुसकर काकांनी तो पुसला आणि तिथे हवामान लिहायला सुरुवात केली. कोणाला विचारलं नाही. दिवाळीचे कंदील उतरायच्या आत काका ओल्या फडक्याने फळा पुसायचे आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहायचे, 'हिवाळी अंदाज'. खाली तीन ओळी. पहिली उत्तर भारताची, दुसरी ठाणे-कल्याणची आणि तिसरी खास आमची. 'बी विंगच्या जिन्यात गार वारा. ज्येष्ठांनी कानटोपी घालावी.'

आम्ही डोंबिवलीकर. डिसेंबरातही पंखा दोनवर ठेवून झोपतो. मानपाडा रोडला कानटोपी घालून दूध आणायला जाणारा माणूस एकच, तो म्हणजे केळुसकर काका.

काकांनी इथल्याच एका रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर टाक्यांचं तापमान नोंदवलं. दर अर्ध्या तासाने, वहीत. निवृत्त झाले, टाक्या सुटल्या, नोंदवायची खोड सुटली नाही. तळमजल्यावरच्या त्यांच्या खिडकीच्या ग्रिलला थर्मामीटर बांधलेला आहे आणि तुळशीशेजारी पाऊस मोजायला नरसाळं बसवलेला डालड्याचा डबा आहे. बोलणंही सगळं रेडिओवरच्या बातमीसारखं.

"काकूंची तब्येत कशी?"

"सकाळी ढगाळ होती. दुपारनंतर उघडीप."

लिफ्ट बंद पडली की म्हणणार, "दुरुस्ती तुरळक ठिकाणी." माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलो तर पत्रिका डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हजेरीची शक्यता नाकारता येत नाही." ते वाक्य त्यांच्या तोंडात पानासारखं कायम असायचं.

आता माझं त्यांच्याशी का बिनसलं ते सांगतो. मी स्टेशनबाहेर जमिनीवर पोतं टाकून मोजे विकत वर आलेला माणूस. आज माझं चादरी-ब्लँकेटचं दुकान आहे. घाऊकवाल्याला घाम फोडल्याशिवाय मी एक नग उचलत नाही. पण चार हिवाळ्यांपूर्वी त्या फळ्यावर 'यंदा कडाक्याची थंडी' असं वाचलं आणि माझी अक्कल गहाण पडली. टेम्पो भरून ब्लँकेटं आणली. जानेवारीत गिऱ्हाईक घाम पुसत दुकानात यायचं आणि विचारायचं, "पातळ चादर दाखवा हो." वर एक दिवस अवेळी पाऊस आला. माळ्याचा पत्रा गळला आणि ब्लँकेटं भिजली. तो पाऊस फळ्यावर नव्हता.

मी तडक काकांकडे गेलो. "थंडी कुठाय?"

"वाटेत आहे."

"कुठल्या वाटेत? कसारा घाटात पंक्चर झाली?"

"शक्यता नाकारता येत नाही."

त्या दिवशी मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती ब्लँकेटं अजून माळ्यावर आहेत, कुबट वासासकट, आणि मी ते विसरलेलो नाही.

पुढच्या वर्षी मी सावध होतो. काका खडू घेऊन उभे राहिले की मीही शेजारी जाऊन उभा राहायचो.

"किमान अठरा लिहिताय? बारा करा."

"तापमान आहे जगताप. कोथिंबिरीची जुडी नाही."

"चौदा. शेवटचं सांगतो."

"अठरा."

"बरं, अठरा तर अठरा. पुढे 'बोचरी थंडी' तरी टाका. माझा माल पडून आहे."

काकांनी खडूचं टोक घासून अणकुचीदार केलं. मग त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'किंचित बोचरी'. घाऊक बाजारात मी हत्तीएवढ्या माणसांना वाकवलंय. या माणसाकडून मला एवढंच सुटलं.

दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत असं काही ना काही बदलायचं. पहिली ओळ मात्र दरवर्षी तीच. 'उत्तरेत दाट धुके. विमाने व गाड्या रद्द होण्याची शक्यता.' तीही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा धुक्याचा पत्ताही नसायचा.

"काका, डोंबिवलीतल्या माणसाला चंदीगडच्या धुक्याचं काय करायचंय?"

"माहिती असावी," ते म्हणायचे आणि खडूचे हात झटकायचे.

गेल्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि पहिलं काम ठरवलं, फळा हलवायचं. तो पार्किंगच्या आतल्या भिंतीवर, बरोबर काकांच्या खिडकीसमोर टांगलेला. पाणी बंदची सूचना लिहिली तरी कोणी वाचायचं नाही आणि मग बादल्या घेऊन लोक माझ्या दारात. फळा गेटजवळ हवा, असं मी मीटिंगमध्ये मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका उभे राहिले.

"फळा हलणार नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

ढगाळ नाही, तुरळक नाही, शक्यता नाही. माझं डोकं फिरलं. "सोसायटी काय तुमच्या बापाची आहे?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. पंचाहत्तरीच्या माणसाला हे बोलू नये, पण बोललो. काका खाली बसले. ठराव पास झाला.

डिसेंबरात काकांच्या छातीत कफ साठला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. शेजारच्यांनी फोन करून त्यांच्या मुलालाही कळवलं. आता मला लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं, हीच वेळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल मशीन घेऊन मी फळ्यापाशी गेलो. कोणीतरी तो कोरा पुसून ठेवला होता.

"अहो जगताप," खिडकीतून आवाज आला. काकू. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांची कॉट खिडकीला लावलेली आहे. तिथून त्यांना दोनच गोष्टी दिसतात, माझी स्कूटर आणि तो फळा.

"आज काही लिहिलं नाही का?"

"काका दवाखान्यात ना, काकू."

"ते माहितीय हो. पण मग निखिलचं मला कसं कळणार?"

निखिल म्हणजे तो मुलगा, एकुलता एक. चंदीगडला असतो. लहानपणी याने माझ्याच पोत्यावरून शाळेचे मोजे नेलेत.

"नाताळच्या सुट्टीत येतो म्हणालाय," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षीही म्हणालेला. त्याच्या आदल्या वर्षीही. पण दरवर्षी नेमकं धुकं पडतं बघा तिकडे. ह्यांनी ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. मी इथून वाचते. मनाची तयारी होते."

मी ड्रिल मशीन खाली ठेवलं.

"बाबा आजारी आहेत हे ऐकून काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला." काकूंनी पांघरूण सारखं केलं. "तुमच्या मोबाईलवर दिसतं ना? तिकडे आज कसंय, सांगता?"

मी बघितलं. चंदीगड. पिवळाधमक सूर्य. पुढचा आठवडाभर रोज एक सूर्य, ओळीने मांडलेला.

मी दुकानात दिवसातून दहा वेळा खोटं बोलतो. रंग जाणार नाही, ताई. धुतल्यावर आटणार नाही, दादा. जीभ अडखळत नाही. त्या सकाळी मात्र मी मोबाईल दोनदा खिशात टाकला आणि दोनदा बाहेर काढला.

"दाट आहे, काकू. हातभर अंतरावरचं दिसत नाही म्हणतात."

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. अशी नजर मी ओळखतो. माल कसा आहे हे कळलेलं असतं, तरी गिऱ्हाईक पिशवी पुढे करतं.

"मग काय," त्या म्हणाल्या. "धुक्यापुढे कोणाचं चालतं? पण तुम्ही तर सगळीकडे सांगता, ह्यांचा अंदाज चुकतो म्हणून."

"थंडीचा चुकतो, काकू. धुक्याचा नाही."

खडू खिडकीच्या कट्ट्यावरच होता. दुकानात सेलची पाटी रंगवतो त्याच अक्षरांत मी लिहिलं, 'उत्तरेत दाट धुके'. काकूंनी ओठ हलवत वाचलं आणि मान टेकली.

आठव्या दिवशी काका घरी आले. कानटोपी आता त्यांना ढगळ होत होती. रिक्षातून उतरून घरात न जाता ते आधी फळ्यासमोर उभे राहिले. फळा जागेवर होता, माझं अक्षरही होतं. मी पार्किंगमध्ये स्कूटर पुसत असल्यासारखं केलं.

"जगताप," ते हळू म्हणाले, "अंदाजाला मुदत लिहावी लागते."

"किती लिहू?"

"वीस जानेवारीपर्यंत."

"वीस?" सवयीने माझ्या तोंडून गेलं. "काका, नाताळच्या सुट्ट्या दोनला संपतात. पाचपर्यंत पुरे."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. काकूंना डुलकी लागली होती.

"एकोणीसला तिचा वाढदिवस असतो," ते म्हणाले.

मी खडू घेतला आणि वीस लिहिलं.