गुणवंतराव प्रधानांनी आपल्याच पुलास नाकारिले त्याची हकीकत

श्री. ज्या वाणीने राज्ये उभी राहतात त्या वाणीस, आणि ती चुकली असतां तिला पदराखाली घेणाऱ्या स्नेहास, दोहोंस दंडवत घालून लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे, कालयुक्त नाम संवत्सर, आषाढमास.

एके राज्यी गुणवंतराव खडतरे म्हणोन थोर सभासद होते. जन्म सांडवी नदीचे ऐन मध्यावर, गुळाच्या काहिलीत. पैलवाड्यांस, म्हणजे नदीपलीकडच्या वस्त्यांस, पूल नाही, पूर आला म्हणजे ती लोखंडी काहील हीच नौका, आणि मातुश्री प्रसूतीस ऐलतीरी निघाल्या तो राव वाटेतच प्रकट जाहले. पाळण्याआधी त्यांस प्रवाहाने जोजविले. मग थोर होतां काठावर उभे राहून पलीकडच्या काहीलवाल्यास हाका घालणे हाच त्यांचा विद्याभ्यास, आणि त्या हाकांनी कंठ ऐसा तयार जाहला की लोकांनी विचार केला, हा आवाज नदी ओलांडतो, तर राजसभेच्या भिंतीही ओलांडील. आणि त्यांस निवडून सभेत पाठविले. तेथे राव विरोधी बाकावर बैसले, आणि शेजारी मल्लाप्पाअण्णा बिराजदार, पक्ष निराळा परंतु बाक एक. सभेची रीत ऐशी की सभाधिपतींनी पुसावे, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे," आणि कारभारी पक्षाने होय म्हणावे. मग पुसावे, "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे," आणि या उभयतांनी एका दमात ऐसे "नाही" गर्जावे की झुंबरे हलावी. तपभर हेच चालले. आणि दर अधिवेशनी रावांनी सांडवीच्या पुलाचा प्रश्न घालावा, आणि अण्णांनी कोपराने ढोसून म्हणावे, "आला बघ बे तुझा पूल. नदी आटेल, तुझा प्रश्न काय आटायचा नाही."

पुढे राज्यक्रांत जाहली. चार पक्षांची खिचडी शिजली, रावांचा पक्ष तीत मिळाला, आणि राव बांधकामाचे प्रधान जाहले. अण्णा विरोधातच राहिले आणि त्या पक्षाचे मुख्य प्रतोद जाहले. शपथेच्या समयी अण्णा आले नाहीत, मग ओसरीवर गाठ पडली तेव्हां बाजूस सरून म्हणाले, "जाऊ द्या साहेबांना. आमच्या बाकाची धूळ लागायची." रावांस दिव्याची गाडी मिळाली, शिपाई मिळाला, बंगला मिळाला, परंतु तो "साहेब" काट्यासारखा रुतून राहिला, आणि उभयतांत बोलणे राहिले नाही.

ऐसे असतां एके आषाढात रावांनी सांडवीच्या पुलाच्या खर्चाची मागणी सभेपुढे ठेविली. कारभाराचे बहुमत सुतावर टांगलेले, आणि त्यात उपाहारगृहात भज्यांचा ताजा घाणा निघाल्याचे वर्तमान येतां कारभारी मंडळी एकेक करून उठून गेली. रावांनी भाषण केले आणि बैसले, आणि डोळे मिटले. तेव्हां त्यांस पाणी दिसले, काळे आणि रुंद, आणि त्यावर एक काहील, आणि काहिलीत ओठ दाबून बैसलेली आई. सभाधिपतींनी पुसिले, "होय" निघाला तो विरळ, फाटक्या चाळणीतून पडावा तैसा. मग पुसिले, "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." आणि रावांच्या कंठात तपभराची घटका वाजली, आणि डोळे उघडण्यापूर्वीच ते गर्जले, "नाही!"

झुंबरे हलली. सभाधिपतींचा हात हवेत राहिला. प्रधानाने आपलीच मागणी नाकारिली ऐसे पूर्वी घडले नव्हते. विरोधी बाकावरून अण्णांस लोक ढोसू लागले, "अण्णा, विभागणी मागा! डोकी मोजूं द्या. त्यांचे बाक रिकामे पडलेत. पूलही जातो, सरकारही जाते." रावांनी मान वळविली आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच अण्णांकडे पाहिले. मनी एकच आले: आईच्या नदीवरचा पूल मीच माझ्या तोंडाने बुडविला.

अण्णा उभे राहिले. उपरणे सारखे केले. आणि बोलते जाहले, "सभापती महाराज, प्रधानांचा हा घसा आमच्या बाकावर तयार जाहला आहे. मालक तिकडे राहायला गेले, घशाला अजून पत्ता ठाऊक नाही. त्यांचा 'नाही' तो आमचा जुना उसना. त्याच्या बदली माझा 'होय' लिहून घ्यावा. विभागणी नको." सभेत हशा पिकला, आणि त्या हशातच सभाधिपती म्हणाले, "होयचे बहुमत. मागणी मंजूर."

मग ओसरीवर राव धावले आणि हात धरूं गेले. अण्णा म्हणाले, "लांब हो. फोटोवाले बघतायत."

राव म्हणाले, "अण्णा, हे काय केलंस? तुझे लोक तुला ठेवतील?"

"तुझ्यासाठी नाही केलं बे. बारा वर्षं एकच प्रश्न ऐकून कान किटलेत. पूल झाला की सुटलो."

आणि तो "साहेब" गेला, "बे" परत आला, तेणेकरून रावांचे डोळे भरले. तिकडे मुख्य प्रधान रावांस इतकेच म्हणाले, "पुढल्या खेपेस तोंडात सुपारी धरा." आणि इकडे अण्णांच्या पक्षाने त्यांचे प्रतोदपद त्याच सप्ताही काढून घेतले. अण्णांनी कोणापाशी तक्रार केली नाही.

मग पूल जाहला. उद्‌घाटनास रावांनी गाडी पाठविली ती रिकामी परत आली. अण्णांनी सांगून धाडिले, गर्दीत आपले पाय दुखतात. पुढे खिचडी करपली, कारभार पडला, नवी निवडणूक जाहली, कारभार तिसऱ्याच पक्षाकडे गेला, आणि राव निवडून आले परंतु पुनः विरोधी बाकावर. दिव्याची गाडी गेलेली, सभेत शिरतां पाय जड. पाहतात तो अण्णा आपल्या उपरण्याने शेजारची जागा पुशीत आहेत. राव बैसले. सभाधिपतींनी पुसिले, "अनुकूल असतील त्यांनी," आणि राव सवयीने तोंड उघडतात तो अण्णांचे कोपर बरगडीत बैसले. "थांब बे. घर बदललं. आपली पाळी पुढची."

सारांश, कारभार थोडके दिवस चालिला, पूल अद्याप चालतो. शिळेवर मुख्य प्रधानांचे नाव कोरिले आहे. परंतु रावांनी पैलवाड्यांत दारोदार जाऊन हकीकत सांगितली, म्हणोन तिकडील बायका तान्ही लेकरे घेऊन दवाखान्यास निघतात तेव्हां म्हणतात, बिराजदारांच्या पुलावरून जाते. अण्णांनी तो पूल कधी पाहिला नाही.