रणपिसेसाहेब आणि पाण्याची वाटी

फोटो काढण्याआधी रणपिसेसाहेब ट्रायपॉडच्या पायाशी पाण्याने भरलेली वाटी ठेवतात. पाण्यावर तरंग दिसला की फोटो निघत नाही. "पाणी बोलतंय," एवढंच ते सांगतात, आणि आपण ताटकळत उभे राहतो.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत ते माझ्या शेजारी राहतात. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत. फोटो बिघडतो तो बोटाच्या धक्क्याने, असं त्यांचं मत. म्हणून ते दहा सेकंदांचा टायमर लावतात आणि हात पाठीमागे बांधून उभे राहतात. वजन म्हणून ट्रायपॉडला पाच किलो आट्याची पिशवी टांगलेली असते. त्या दिवशी त्यांच्याकडे पोळ्या उशिरा होतात.

विमान गेलं की थांबायचं. कुणी मिक्सर लावला की थांबायचं. एकदा त्यांनी सोसायटीला लेखी अर्ज देऊन लिफ्ट अर्धा तास बंद ठेवायला लावली. सहाव्या मजल्यावरचे मिश्राजी भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढले आणि दारात थांबून म्हणाले, "रणपिसेजी, घर में ताजमहल आया है क्या?"

"जी नहीं. मोगरा खिला है," साहेब म्हणाले.

आपला ट्रायपॉड हलला, हे त्यांनी आजवर एकदाही मान्य केलेलं नव्हतं.

त्यांच्या पत्नी मार्थाकाकू. दोन वर्षांपासून त्यांची मान थरथरते. तेव्हापासून त्या फोटोला बसत नव्हत्या, आणि साहेबांकडे त्यांचा एकही नवा फोटो नव्हता. बरंच विनवल्यावर यंदा लग्नाच्या वाढदिवशी त्या कशाबशा तयार झाल्या. फ्लॅश डोळ्यांना सोसत नाही, म्हणून खिडकीच्या उजेडात बसल्या. पंखा बंद करण्याचं काम माझ्याकडे होतं. वाटीतलं पाणी स्थिर होतं. फोटो निघाला.

साहेबांनी तो कॅमेऱ्यावरच मोठा करून पाहिला. मीही पाहिला. खुर्चीवर घातलेल्या पानिपतच्या चादरीचा धागा न् धागा मोजता येत होता. चेहरा तेवढा पुसट होता.

"मीच हलले ना?" काकू म्हणाल्या. "सांगत होते मी तुम्हाला." त्या उठायला लागल्या.

साहेबांनी कॅमेरा बंद केला. गुडघ्यावर बसले, ट्रायपॉडच्या पायाचा घट्ट स्क्रू सैल केला आणि पुन्हा आवळला.

"तू बिल्कुल हलली नाहीस," ते म्हणाले. "माझा ट्रायपॉड हलला. बस, परत काढू."

 काकू पदर सारखा करून खुर्चीत बसल्या.